दहावा पत्रा

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू एकदाच मोजून सोडली नाही. सोयरीक ठरवायला ते प्रथम आमच्याकडे आले आणि त्यांनी कनवटीतून गाठी मारलेली सुती दोरी काढली, तेव्हा मला वाटलं, मुलाची उंची घेतात की काय. पण त्यांनी आमचं दार मोजलं. मग पुन्हा मोजलं, आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "दार ठेंगनं शे. मन्ही पोर हंडा लिसन उनी तर कपाळ फुटी." चौकट वर उचलण्याचं वडिलांनी कबूल केलं तेव्हा कुठे सुपारी फुटली. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाची एक बाजू मोजत होते. भटजींनी दोनदा हाक मारली तेव्हा कन्यादानाला येऊन बसले. बांध, विहिरीचं पाणी, बैलाचं शेपूट, कशालाच सुटका नव्हती. त्यांना दटावणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. "दोरी ठेवा आते, नहीतर चुलामा टाकी दिसू," म्हणायच्या. त्या वारल्यावर म्हसावदच्या त्या मोठ्या घरात सासरे एकटेच उरले. मुलगी एवढी एकच, आणि ती माझ्याकडे.

मी तेव्हा म्हसावदहून बैलगाडीने दोन-अडीच तासांवरच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. राहायला एक खोली, वर गवताचं छप्पर. दिवाळी झाली आणि त्या गवतातून एक साप थेट आमच्या तान्ह्या मुलीच्या झोळीशेजारी पडला. मुलीला काही झालं नाही, साप निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग बायकोही मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, "त्या गवतखाल मी पाय नही ठेवस. पत्रा टाका, मंग येसू." तिचं काही चुकलं नव्हतं. पण लढाईचे दिवस होते, दुकानांतून पत्रा दिसेनासा झाला होता, आणि मला तर खिचडीशिवाय काही रांधता येत नव्हतं.

पत्र्याचं काम सासऱ्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. आता या गोष्टीचा मला आनंद व्हायला हवा होता, पण मी त्यांना ओळखून होतो. पहिल्याच रविवारी ते गाडी घेऊन आले, छपरावर चढले आणि गवत उतरवायच्या आधी रुंदी मोजली. खाली उतरून चहा घेतला, पुन्हा चढले, पुन्हा मोजली. अठरा फूट. नळीदार पत्रा दोन फुटांहून थोडा जास्त रुंद, तेव्हा मी मास्तरकीच्या तोऱ्यात सांगून टाकलं, "मामा, नऊ पुरतील." त्यांनी माझ्याकडे अशा काही कीवेने पाहिलं की माझ्या वर्गातल्या मठ्ठ पोरांबद्दल मला एकदम माया वाटली. "मास्तर, पत्रा काय शेजारीपाजारी ठेवाना शेतस? एकवर एक दीड नळी चढाडनी पडस. दहा लागतीन." हिशेब त्यांचाच बरोबर होता.

दुसरा रविवार वाऱ्यात गेला. पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे आली तर वारा आत शिरून पत्रा उचलतो, म्हणून कोणत्या टोकापासून सुरुवात करायची ते आधी ठरवायला हवं. त्यासाठी सासरे अंगणात खाट टाकून बसले आणि घरून आणलेल्या कापसाची चिमूट चिमूट हवेत सोडू लागले. कापूस कधी पूर्वेला जाई, कधी पश्चिमेला, आणि एकदा तर परत येऊन त्यांच्याच मिशीत बसला. "वारा बी विचार करी ऱ्हायना," ते म्हणाले आणि गाडी जुंपून निघून गेले.

पुढे कापसाची सरकी काढायचं कुठलंसं जुनं जिन मोडत होतं, तिथून त्यांनी पत्रे मिळवले. नऊच मिळाले. तीन रविवार ते बसवण्यात गेले. खिळा नळीच्या माथ्यावरच मारायचा, खोलगट भागात मारला तर पाणी गळतं, असं दर खिळ्याला सांगत ते ठोकत होते आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. माझे खांदे भरून आले, खिचडीने जीव विटला, मुलगी आता रांगते असा निरोप आला. आणि छपराच्या कडेला पत्र्याएवढी पट्टी उघडीच राहिली. मी तिच्यातून येणाऱ्या थंडीत दोन घोंगड्यांखाली झोपत होतो. दहाव्याचं विचारलं की एकच उत्तर: "पुढला आठवडाले दखूत."

शेवटी मी कंटाळलो. पट्टीवर गोणपाट ठोकू, पण बायकोला घेऊनच येऊ, असं ठरवून मागून आणलेल्या गाडीने न कळवता म्हसावद गाठलं. गाडी सोडून बैल गोठ्यात नेले, तर गव्हाणीमागे दहावा पत्रा उभा! त्यावर खडूने सासऱ्यांच्या हातचा दहाचा आकडा.

मी वळलो तर ते दारात उभे होते. मला फार राग आला होता, खोटं कशाला सांगू. आत बायको मुलीशी काहीतरी बोलत होती, मुलगी खिदळत होती. सासऱ्यांनी तिकडे मान वळवली. मग म्हणाले, "पोर आठे मन्हाकडे व्हती तोवर घरमा कोनी तरी बोलाले व्हतं, मास्तर."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी पत्र्यावर हात फिरवला. पत्रा अगदी सरळ होता. मी म्हणालो, "मामा, हा जरा वाकलाय. ठोकून सरळ करायला आठ दिवस तरी लागतील."

त्यांनीही पत्र्यावर हात फिरवला. "आठ नको. च्यार दिन बस. तुम्हले तठे थंडी लागस."

मी एकटाच परतलो. पाचव्या दिवशी सकाळी त्यांची गाडी आली. पुढे बायको आणि मुलगी, मागे पत्रा. तो त्यांनी तासाभरात बसवला, आणि बैलांना उशीर होतो असं सांगून न जेवताच निघाले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बायको अंगणात उभी होती. मी आत जाऊन वर पाहिलं. आता कुठूनही आभाळ दिसत नव्हतं, आणि त्याचा जेवढा आनंद मला व्हायला हवा होता, तेवढा काही झाला नाही.