बिबट्याच्या वेळेचा तास

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण फक्त हजर राहायचं, बाकीचं पोरं बघून घेतात! आणि तास मोबाईलवर असला की पोरांच्या मदतीला आई, आजोबा, म्हैस असं अख्खं घर धावून येतं. परवा चहाच्या वेळी मी आणि कांबळे सर एकेक आठवून हसत होतो, तर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, लिहून ठेवा कुठंतरी. रिटायर झाल्यावर सांगाल तर लोक म्हणतील, बाई थापा मारतात."

आधी हा तास कशासाठी, ते सांगते. आमचं गाव पिंपळवंडीच्या अंगाला. चहूकडे ऊस, आणि उसात बिबट्या. यंदा तो शाळेमागच्या बांधावरच दिसायला लागला. शाळा लवकर सोडायची ठरलं, पण पोरं ती पोरं. दिवस मावळायला आला की सगळी रस्त्यावर! शेवटी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, "संध्याकाळी ऑनलाइन तास घ्या. शिकवायचं मागाहून बघू. अंधार पडताना प्रत्येक पोरगं मला घरात दिसलं पाहिजे!"

सातवीचा वर्ग माझा, आणि जोडीला विज्ञानाचे कांबळे सर.

*

पहिले दोन दिवस मी नुसतंच शिकवलं. पडद्यावर पोरांऐवजी पत्रे, पंखे आणि एकदा कोंबडी दिसली. कांबळे सर घोडेगावला ट्रेनिंग करून आलेले. ते म्हणाले, "मॅडम, इंटरॅक्टिव्ह घ्या! पोरांना कामाला लावा."

लावलं. "मी दहापर्यंत मोजते. तेवढ्यात एक हिरवी वस्तू आणून दाखवा!"

कुणी मिरची आणली, कुणी बांगडी. ओंकारच्या चौकटीत मात्र रिकामी सतरंजी. मागून आवाज आला, "कुठं निघालास रं?"

"बाईंनी हिरवं आणाया सांगितलंय! उसाचं पान आणतो!"

मग एक धपाटा ऐकू आला आणि ओंकारची आई पडद्यावर आली. "बाई, तुमी पोरं घरात ठेवाया तास घेता, का बिबट्याला डबा पोचवाया?"

मी तिथल्या तिथे नियम केला. वस्तू कुठलीही चालेल, पण उंबऱ्याच्या आतली.

*

पुढच्या आठवड्यात वर्तुळ होतं. "उंबऱ्याच्या आतली गोल वस्तू आणा आणि सुतळीनं तिचा परीघ मोजा."

ताटल्या आल्या, डबे आले, पोळपाट आला. स्वप्निल आजोबांनाच ओढत घेऊन आला. त्यांची टोपी काढून टक्कल कॅमेऱ्यासमोर धरलं. "ह्ये घ्या बाई, गोल!"

स्वप्निलनं कपाळावरून सुतळी फिरवली. ती सुटली, नाकावर आली. पुन्हा फिरवली, हनुवटीखाली घसरली. तेव्हा आजोबांनी तोंड उघडलं.

"बाई, पोरगं सुतळी घेऊन गळ्यापतुर आलंय. आता तास आवरा!"

तेव्हापासून आजोबा रोज तासाला बसतात. हजेरीलाही "हाय!" म्हणतात.

*

कांबळे सरांचा जीव पोलवर. प्रश्न टाकायचा, चार पर्याय द्यायचे, पोरांनी बोट दाबायचं. त्यांनी विचारलं, सर्वांत मोठा ग्रह कोणता? निकाल लागला तर सगळ्या वर्गाचं एकच उत्तर. मंगळ!

सर चक्रावले. "अरे, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या एवढ्या मोठाल्या अँटेना बघून आलो ना आपण? तिथल्या माणसानं गुरू म्हणून सांगितलं होतं! एखाददुसरा चुकेल, सगळे कसे चुकले?"

मॉनिटर वैष्णवी अदबीनं म्हणाली, "सर, आमी बोट दाबायच्या आधी ग्रुपवर बैठक घेतली. काही जण गुरू म्हणत व्हते, काही शनी. लई वाद झाला. मग गावात निवडणुकीला करत्यात तसं केलं. दोनी बाजूंनी माघार घेतली आन मंगळ बिनविरोध दिला."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा गुरूपासून सुरुवात केली.

*

एकदा मी वर्गाचे छोटे गट पाडले. प्रत्येक गटाची मोबाईलवरच वेगळी खोली, तिथं चर्चा करायची. एका खोलीत डोकावले तर पोरं गायब, आणि दोन बायका हसून हसून लोटपोट! मला बघून दोघींनी पदर सावरला.

"पोरांचं झालंय बाई. पाचच मिन्टं बसतो. पैल्यांदा सांजच्याला वट्यावर बसायचो, बिबट्या आल्यापासून त्ये बंद झालं बगा."

मला फार वाईट वाटलं. बिबट्यानं पोरांचं खेळणं बंद केलं हे दिसत होतं, बायकांची संध्याकाळही गेली हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी गुपचूप बाहेर आले आणि त्या दिवशी चर्चेला दुप्पट वेळ दिला.

मुख्याध्यापकांना सांगितलं, "आज सहभाग उत्तम होता!"

*

आता हा शेवटचा.

आरतीचं घर मळ्यात, एकटं. त्या संध्याकाळी ती पडद्यावर आली तेव्हा मागे भिंत नव्हती, आभाळ होतं.

"आरती, तू घरात नाहीस?"

"नाय बाई. आई गवताला आलीया, घरी कोणच नाय म्हणून मी बी आले. आता निघालोय. उसातनं."

मागे तिची आई दिसली, डोक्यावर गवताचा भारा. आमच्याकडे उसातून जायचं तर मोठमोठ्यानं बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून जातात. माणसाची चाहूल लागली की बिबट्या बाजूला होतो म्हणतात. पण गाणी लावायची तर तास बंद करावा लागणार, आणि तास बंद केला तर ती मला दिसायची नाही.

तेवढ्यात ओंकार ओरडला, "आरते, आवाज फुल कर!" आणि त्यानं सुरू केलं, "बारा एके बारा! बारा दुणे चोवीस!"

वैष्णवीनं माईक उघडला, स्वप्निलनं उघडला, मग सगळ्यांनीच. नेटवर्कमुळे कुणी छत्तीसवर तर कुणी अजून चोवीसवर. एरवी मी सगळ्यांना गप्प केलं असतं. त्या दिवशी मीच घसा ताणून म्हणत होते. कांबळे सर म्हणत होते. आजोबा मधूनमधून "हाड! हाड!" करत होते. बारा संपला की पुन्हा बारा! पडद्यावर कधी उसाचं पाचट, कधी आरतीचा कान, कधी नुसताच अंधार.

मग कुत्रं भुंकलं. कडी वाजली. दिवा लागला आणि आरतीच्या मागे भिंत दिसली.

पोरांनी नुसता कल्ला केला. मी डोळे पुसले, लाजले नाही.

आरतीची आई भारा टाकून मोबाईलसमोर आली. तिला धाप लागली होती. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बाई, उद्याच्याला एकोणतिसाचा पाढा घ्या, त्यो पोरं अडखळत, दमानं म्हणत्यात. डोक्यावर भारा असला की बाराच्या चालीनं पाय उचलत नाय."