न मारलेली शिट्टी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी पोस्टिंग देवळाली कॅम्पला होती. हुद्दा हवालदार. सकाळी आठला गन ड्रिलचा क्लास, दुपारी चारला फुटबॉलचं मैदान. गुडघा गेल्याने खेळणं सुटलं होतं, म्हणून मी रेफ्री झालो होतो.

लोकांना वाटतं, फाउल दिसला की शिट्टी मारायची, झालं. अवघड असतं ते न मारणं. ज्याच्यावर फाउल झाला त्याच्याच टीमकडे बॉल राहिला आणि पुढे रस्ता मोकळा असला, तर शिट्टीने फायदा पाडणाऱ्याचाच होतो. तिथे दोन्ही हात पुढे करून ‘प्ले ऑन’ म्हणायचं. याला ॲडव्हांटेज म्हणतात. मला ते सुभेदार पवारसाहेबांनी शिकवलं. ते म्हणायचे, “बॉल कुणाकडे? गोल किती लांब? मध्ये माणसं किती? मॅच तापलीय का? एका श्वासात ठरव.” त्या काळी एकदा सोडलं की मागे फिरता येत नसे. दोन-चार सेकंदांत परत येऊन फाउल देण्याची मुभा नंतर आली.

इंटर-बॅटरी, म्हणजे तोफखान्याच्या तुकड्यांमधली, फायनल होती. स्कोअर एक-एक, शेवटची पाच मिनिटं. गनर नामदेव गावित मिडफिल्डला खेळत होता. सुरगाण्याकडचा, बुटका, काटक. मी घोटीचा. त्या मैदानावर नाशिकचे आम्ही दोघंच, त्यामुळे तो माझ्याशी मराठीत बोलायचा.

गावित बॉल घेऊन मधली रेष ओलांडून आला. समोरच्या बॅकने बाजूने घसरत येऊन त्याच्या नडगीवर बूट घातला. आवाज मी ऐकला. शिनगार्डचा असेल, असं धरून चाललो. बॉल त्याच्या विंगरकडे गेला होता आणि विंगरपुढे फक्त गोलकीपर. शिट्टी ओठांत होती. मी हात पुढे केले.

“प्ले ऑन!”

शॉट पोस्टला लागून परत आला. शिट्टी झाली नव्हती, म्हणून गावित उठला आणि बॉलमागे धावला. चार पावलं. पाचव्याला पाय दुमडला. तेव्हा मी शिट्टी मारली.

मिलिटरी हॉस्पिटलात डॉक्टरसाहेब म्हणाले, हाड तडकलं होतं. पडून राहिला असता तर प्लास्टरवर भागलं असतं. धावल्याने सरकलं. ऑपरेशन करावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो.

“उस्ताद, डिसिजन बरोबर होता,” गावित म्हणाला. “म्या बी तेच केलं असतं.” मग म्हणाला, “पण तुमी माझ्याकडं बघितलंच नाय.”

मी खरंच बघितलं नव्हतं. बॉल बघत होतो.

त्यानंतर मी आधी पडलेल्या माणसाकडे बघायचो. त्यात तो एक श्वास निघून जायचा आणि चांगले ॲडव्हांटेज हुकायचे. एकदा कॅप्टनसाहेब म्हणाले, “बहुत सीटी मारते हो, हवालदार.” मी म्हटलं, “जी साब.” खुलासा करायचं त्राण नव्हतं. पुढे दोन सीझन ओढले आणि शिट्टी स्टोअरला जमा केली.

गावितने मात्र हट्टाने मेडिकल बोर्ड दिले. तिसऱ्यांदा फिट ठरला. लान्स नायक झाला, बॅटरीबरोबर वर सरहद्दीवर गेला. एका सकाळी ऑफिसात फोन आला. लाईनवर त्याच्या बॅटरीचा क्लार्क.

“उस्ताद, गावित गया.”

“कैसे?”

“शेलिंग. गन पोझिशनपर.”

“और कोई?”

“दो घायल.”

रिसीव्हर ठेवला. आठचा क्लास होता, तो घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

रिटायर झाल्यावर त्याच्या घरी जायला मला दोन वर्षं लागली. सुरगाण्याच्या पुढे एस.टी. सोडून तासभर चालावं लागतं. त्याच्या बायकोने, सखुवहिनींनी, पाणी दिलं. भिंतीवर त्याचा युनिफॉर्ममधला फोटो होता.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “त्यांचा पाय कशानं ठणकायचा? थंडीत लय कळ यायची. इचारलं तर सांगायचे नाय.”

मी सांगितलं. त्यांनी फुटबॉल कधी पाहिला नव्हता, म्हणून मी अंगणात काडीने मैदान काढलं. गावित इथे पडला, विंगर तिथे होता, मी इथे उभा. शिट्टी मारायची होती, मारली नाही. का मारली नाही, तेही सांगितलं. काही न लपवता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मंग गोल झाला का?”

“नाही, वहिनी.”

त्यांनी त्या रेघांकडे बघितलं.

“व्हायला पायजे व्हता,” म्हणाल्या.