चेहऱ्यावर धुकं घालून मिळेल

उसात शिरलं की अंगाला कुसं चिकटतात, काढली तरी चार दिवस टोचत राहतात. फोटो स्टुडिओत नोकरी केलेल्या माणसाला किस्से तसेच चिकटतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी इस्लामपुरात शामअण्णांच्या स्टुडिओत होते. सांगलीला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता म्हणून अण्णांनी मला घेतलं. लोकांना वाटायचं, एसीत बसून आरामाची नोकरी! खरं सांगते, त्या सगळ्या वर्षांत निवांत गेलेला एक दिवस आठवत नाही.

*

कॉम्प्युटर घ्यायचं अण्णांनी का ठरवलं, त्याचाच एक किस्सा आहे. आधी ते लेन्सपुढच्या काचेला कडेनं व्हॅसलीन लावायचे. मधला चेहरा स्पष्ट यायचा, भोवतालचं सगळं पुसट, स्वप्नातल्यासारखं. एकदा एप्रिलच्या उकाड्यात नवरा-नवरीचे फोटो काढताना ते व्हॅसलीन ओघळलं, आणि नेमकं नवरीच्या बाजूला!

रोल धुतला तर नवरा ठळक, आणि शेजारी शालू नेसलेला पांढरा ढग. फोटो न्यायला नवरा एकटाच आला. त्यानं एकेक फोटो उलटून बघितला. अण्णा खुर्चीचा हात धरून उभे.

नवरा म्हणाला, "अण्णा, माझा लय भारी आलाय!"

*

मग कॉम्प्युटर आला. फोटो स्कॅन करायचा, त्याची दुसरी प्रत करून ती धूसर करायची, आणि अर्धवट पारदर्शक करून खऱ्या फोटोवर ठेवायची. चेहरा मऊ, उजेड पाझरल्यासारखा. गिऱ्हाइकं त्याला सरळ 'धुकं' म्हणायची. "आमच्या पोरीला जरा धुकं घाला!"

पण ते मशीन एकेका धुक्याला दहा-दहा मिनिटं घ्यायचं, आणि चुकलं तर मागं यायची सोय एकाच पावलाची. त्यात लाईट! एकदा आष्ट्याचे एक गृहस्थ लेकीचा फोटो घेऊन बसले होते. काम संपत आलं की लाईट जायची. तीन वेळा गेली. चौथ्यांदा मी देवाचं नाव घेऊन सेव्हचं बटण दाबलं आणि डोळेच मिटले.

मागून त्यांचा आवाज आला, "ताई, डोळं मिटून काम करतायसा व्हय? मग माझी पोरगी कशी दिसंल!"

*

दिसली मात्र सुरेख. इतकी सुरेख, की पंधरा दिवसांनी तेच गृहस्थ लेकीला घेऊन दारात उभे राहिले. फोटो बघून वाईचं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं चहाचा कप तसाच ठेवला आणि विचारलं होतं, "फोटोतली मुलगी कुठाय?"

"मग?" मी कसंबसं विचारलं.

पोरगीच म्हणाली, "मी सांगितलं, ती इस्लामपुरात स्टुडिओत असती. लगीन करायचं आसंल तर मी हाय!"

मी रडायच्या बेतात. "मग मोडलं का गं?"

"मोडतंय कशाला? पोराला तेच आवडलं. आता लग्नाचं फोटो तुमीच काढायचं. पण ताई, धुकं नगं!"

*

कराडकडचे एक रिटायर्ड सुभेदार होते. गालावर लांब व्रण. मी आपल्या हुशारीनं तो घालवला आणि प्रिंट पुढं ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ही जखम मी फौजेत कमावली. काढणारी तू कोण?"

अण्णा आतून धावत आले, "साहेब, परत करतो, लगेच करतो!" सुभेदार ताडकन उठून बाहेर गेले. त्यांच्या मागून निघालेल्या त्यांच्या मंडळी माझ्याजवळ थांबल्या आणि पदराआडून हळूच म्हणाल्या, "म्हशीनं मारलंय गं. पण घाल परत. त्येच्याबिगर त्यास्नी झोप लागायची न्हाई."

*

आणि एक धनगर म्हातारबा. आटपाडीकडचे. लेक इकडं कारखान्याजवळ दिलेली, तिच्याकडं आले होते. जत्रेत कुणीतरी काढलेला एक फोटो त्यांनी कोपरीच्या खिशातून काढला. मेंढरं स्पष्ट होती. त्यांच्यात उभी असलेली बायको, नेमकी मान वळवताना हललेली. नाक, डोळे काहीच नाही.

"वारून सा वरसं झाली. दुसरा फोटूच न्हाई. तुमचं मशीन तोंड मऊ करतंय म्हनं. ह्ये एवढं हुडकून द्या."

पुसट करता येतं, पुसलेलं आणता येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. ते हलले नाहीत. शेवटी मी दुसऱ्या फोटोंतले डोळे, नाक घेऊन त्यांना विचारत विचारत चेहरा जुळवायला बसले. नाक असं? हनुवटी अशी? ते डोळे बारीक करून सांगायचे, "जरा निमुळती. व्हय. भुवया जवळ. आता बराबर." दोन दिवस तेच चाललं. चुकीचं माणूस तर करत नाही ना मी?

तिसऱ्या दिवशी ते लेकीला घेऊन आले. ती दारात उभी राहिली आणि मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघितलं, परत तिच्याकडं बघितलं. तेच नाक. तीच हनुवटी. त्याच जवळ आलेल्या भुवया. तिनंही बघितलं. आईचं म्हणून बापानं तिचंच तोंड सांगितलं होतं.

म्हातारबा हसत म्हणाले, "बघ की. आलीया न्हवं तुजी आय?"

बापाच्या खांद्यावरचं घोंगडं नीट करत ती म्हणाली, "आलीया की."

आणि माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "ताई, कुंकू तेवढं मोठं करा. आय मोठं लावायची."