बोरमाळेचा मुक्काम

अप्पांच्या बोटांना ठसे नव्हते. चाळीस वर्षं तेजाबात हात घालून दहाही बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांनी अंगठा टेकवला की यंत्र लाल दिवा लावायचं आणि दुकानदार ओशाळून म्हणायचा, "अप्पा, मशीन म्हणतंय हे तुम्ही नव्हेच." अप्पा शांतपणे पिशवीची घडी घालत म्हणायचे, "आसंल बाबा. पर त्येला इचार, सकाळी माझ्या घरात च्या पिऊन गेला त्यो कोण हुता?" बँकेत तीच तऱ्हा, सिमकार्ड घेताना तीच. माझ्या बोटांचे ठसे मात्र अजून जसेच्या तसे आहेत. यंत्र मला पहिल्या झटक्यात ओळखतं. त्याचं मला हल्ली फारसं कौतुक वाटत नाही.

अप्पा माझे सख्खे मामा, पण सगळी पेठ त्यांना अप्पा म्हणायची म्हणून मीही अप्पाच म्हणू लागलो. ते मूळचे आटपाडीकडचे. त्या भागातल्या घराघरातला एखादा तरी माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात, देशभर कुठे ना कुठे पांगलेला असतो. अप्पा तरुणपणीच केरळात गेले, तिथल्या एका सराफ गल्लीत तीस वर्षं भट्टीपुढे बसले, आणि मामी गेल्यावर एकुलत्या एका बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, ओढीने साताऱ्यात आले. पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. मी तेव्हा पुण्यात एका ब्रोकरच्या ऑफिसात बसून फोनवरून लोकांना शेअर खपवायचो. ती नोकरी गेली. कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. अप्पांनी "भट्टीला माणूस पायजेलच हुता" असं म्हणून मला ठेवून घेतलं. खरं तर त्यांना कुणीच नको होतं. दहा बाय बारात दुसरा माणूस बसला की पहिल्याला पाय पसरता येत नाहीत.

देशाचं कसं काय चाललंय हे कळायला अप्पांना पेपर लागत नसे. काय मोडायला येतं त्यावरून ते सांगायचे. "आदी कानातलं येतं. मग बांगडी. मंगळसूत्रं याय लागली की समज, लय मोठं कायतरी बिघडलंय." नोटा बंद झाल्या, टाळेबंदी लागली, बेदाण्याचा भाव पडून तासगावची माणसं ओळखीच्या गावात दागिने मोडायला नको म्हणून साताऱ्यापर्यंत आली, ते सगळं अप्पांच्या तराजूवर आधी उतरलं. टीव्हीवर कुणी कोट घातलेला माणूस सगळं उत्तम असल्याचं सांगत असला की अप्पा त्या दिवशी आलेल्या मंगळसूत्रांच्या वाट्या मोजायचे आणि टीव्ही बंद करायला लावायचे.

पण अप्पांचं नाव होतं ते मुक्कामामुळे. मोडायला आलेला दागिना ते त्या दिवशी कधीच वितळवत नसत. टंच काढायचा, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासायची, वजन करायचं, त्या दिवसाच्या भावाने चेक लिहून द्यायचा आणि दागिना गावच्या सिद्धनाथाच्या फोटोखालच्या लहानशा फडताळात ठेवायचा. एक रात्र त्याचा तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत बाई चेक घेऊन परत आली, तर दागिना तिचा, एक पैसा न घेता. बारा वाजले की मगच दागिना घातलेली मूस भट्टीत जायची. हे कुठून काढलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "केरळातल्या आमच्या मालकानं लावल्याली सवय हाय. बाईला रातच्याला झोप लागती का ते बघू द्यावं. लागली तर इकायचं, न्हाई लागली तर न्हाई." दहातल्या एखाद्या बाईला झोप लागत नसे. ती सकाळी यायची, फडताळातनं आपली वस्तू घ्यायची आणि बहुतेक वेळा रडायची. अप्पा तेवढ्यापुरते बाहेर जाऊन पान खाऊन यायचे.

मी पडलो बाजार शिकलेला माणूस. पहिल्या महिन्यातच मी त्यांना शहाणपण शिकवायला बसलो. म्हटलं, "अप्पा, भाव रातोरात पडला तर नुकसान तुमचं. चढला तर बाई जुन्याच भावात दागिना परत नेणार, म्हणजे फायदा तिचा. याला बाजारात ऑप्शन म्हणतात. लोक त्याचे पैसे मोजतात. तुम्ही फुकट वाटताय."

अप्पांनी तोंडातला घास गिळला. "बाईनं इचार बदलला तर त्येचं पैसं घेत्यात?"

"घेतात म्हणजे? त्यावर तर सगळा धंदा चालतो."

"मग त्यास्नी लाज न्हाई वाटत?" ते खरोखरच विचारत होते. मी हसलो आणि पेठेतल्या चारचौघांत हा किस्सा वर्षभर सांगितला. लोकही हसले.

भावाचं मात्र अप्पांना कळत होतं. "पैलं भावबी रातचा झोपायचा. आता त्योबी जागाच ऱ्हातोय," असं ते म्हणत. कुठे युद्ध पेटलं, अमेरिकेत कुणी व्याजदराबद्दल चार शब्द बोललं, की साताऱ्यात सकाळी सोन्याचा भाव वेगळाच. एका रात्रीच्या मुक्कामात आठवड्याची कमाई जायची. तरी फडताळ रिकामं नसे.

मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून शेवंताबाई आल्या तो अर्थसंकल्पाचा आदला दिवस होता. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगावर इस्त्रीचं पातळ. थोरला मुलगा फौजेत, कुठल्याशा बर्फाच्या ठाण्यावर. महिनाभर त्याचा फोन लागत नव्हता. धाकट्या मुलीला सांगलीला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि फी भरायची मुदत दोन दिवसांवर आली होती. त्यांनी पदराच्या गाठीतून सासूची बोरमाळ काढली. आत लाख भरलेले सोन्याचे पोकळ मणी, जुन्या हातचं काम. अप्पा मणी बोटांतून फिरवता फिरवता एकाशी थांबले.

"ह्यो चेपलाय जनू."

"थोरल्यानं चावलाय," शेवंताबाई म्हणाल्या. "दात येत हुतं तवा. कडंवर घेटलं की माळच तोंडात. सासू लय वरडायची, आन् मग सोताच त्येला चावाय द्यायची."

अप्पा हसले. चेक लिहून त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "उंद्या बारापतुर हितंच हाय बगा माळ." बाई गेल्या. चार वाजता अप्पा गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेले आणि जाताना फडताळाची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. ती ते दुसऱ्या कुणाकडे देत नसत.

माझ्या मोबाईलवर पुण्याच्या जुन्या मित्रांचा एक ग्रुप होता. तिथे दुपारपासून एकच घोष चालला होता: उद्या सोन्यावरचं आयात शुल्क उतरणार, भाव आपटणार, हातात असेल ते आजच विका. मी दुकानात फेऱ्या मारल्या. फडताळात त्या दिवशी तेवढी एकच वस्तू होती. ह्या बाईचा मुलगा फोनवर सापडत नाही, मुदत दोन दिवसांची, ही कशाला परत येते, असा मी हिशेब केला. आणि खरं सांगायचं तर हिशेब नव्हताच तो. मला अप्पांना दाखवून द्यायचं होतं की माझ्या शिक्षणाला काही किंमत आहे. पाच वाजता मी माळ मुशीत टाकली. लाख जळाल्याचा वास बोळभर झाला. साडेसहाला त्या सोन्याची लगड पेठेतल्या व्यापाऱ्याकडे गेली आणि पैसे खात्यात आले. अप्पांना रात्री सांगेन म्हटलं, सांगितलं नाही. उद्या भाव पडल्यावरच सांगू, म्हणजे वरून शाबासकी मिळेल, असा विचार केला.

सकाळी दहाला शेवंताबाई दारात उभ्या. पहिल्या एस.टी.ने आल्या होत्या. चेहरा नुसता फुललेला. "थोरल्याचा फोन आला हो रातीला! म्हनला आई, पैसं आजच धाडतो, आज्जीची माळ मोडू नगंस. आवं, म्या तर म्हनलं, मोडली न्हाई रं अजून, अप्पांच्यात मुक्कामाला हाय." आणि त्यांनी ती प्लास्टिकची पिशवी पुढे केली. चेक बँकेत टाकलेलाच नव्हता.

अप्पा उठले आणि त्यांनी माझ्याकडून किल्ली घेऊन फडताळ उघडलं. रिकाम्या कप्प्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला. वळले तेव्हा त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलमध्ये बघत असल्यासारखं केलं.

"बाई," अप्पा म्हणाले, "माझ्या हातनं चूक झाली. काल गडबडीत वितळली माळ."

मी तिथेच होतो. चार हातांवर. 'मी केलं' एवढे दोन शब्द बोलायचे होते, आणि तोंड मला होतं. आयुष्यभर फोनवर बोलून पोट भरलेला माणूस मी. मी बोललो नाही. शेवंताबाई बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. अप्पांनी चहा मागवला, तो त्यांनी पूर्ण प्यायला. "तेवड्याच वजनाची करून देतो, म्हयनाभरात," अप्पा म्हणत होते. त्या "व्हय, व्हय" करत होत्या आणि रिकाम्या फडताळाकडे बघत होत्या.

त्या गेल्या आणि तासा-दीड तासाने शुल्क उतरल्याची बातमी आली. भाव खरंच आपटला. आणि मला आनंद झाला. हे लिहिताना कान तापतात, पण झाला. मी म्हणालोसुद्धा, "बघा अप्पा, वाचलो आपण!" अप्पा भट्टीची राख काढत होते. म्हणाले, "हिशोबात चुकला न्हाईस तू." त्यापलीकडे ते त्या विषयावर मला कधीही काही बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचा आजन्म ऋणी राहिलो असतो.

बोरमाळ त्यांनी पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून करून घेतली, दुकानच्या सोन्यातून, मजुरीसकट पदरमोड करून. जुन्या माळेचा घाट त्यांच्या त्या ठसे नसलेल्या बोटांना पाठ होता. कारागिरापुढे बसून त्यांनी मण्याचा आकार सांगितला. सगळं ऐकून कारागिराने विचारलं, "एक मणी चेपून देऊ का अप्पा? तेवढंच बाईला बरं वाटेल." अप्पा म्हणाले, "खोटा दात लावू नगंस." शेवंताबाई येऊन माळ घेऊन गेल्या. त्या अप्पांच्या पाया पडायला वाकल्या, तर अप्पा मागे सरकले.

फडताळाची किल्ली त्यानंतर त्यांच्या करगोट्याला गेली. दुकानात मी होतो, भट्टी मी पेटवत होतो, पण किल्ली मागायची माझी छाती झाली नाही. वर्षभराने गुडघे अगदीच धरले तेव्हा अप्पा किल्लीसकट गावाकडे भावकीत राहायला गेले. मी दोनदा आटपाडीला जाऊन आलो. दोन्ही वेळा ठरवून गेलो होतो की आज बोलायचंच. पहिल्यांदा डाळिंबावरच्या रोगाबद्दल बोललो, दुसऱ्यांदा एस.टी.च्या वेळापत्रकाबद्दल. दुसऱ्यांदा निघताना त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. "भट्टी चालव," म्हणाले. "पर ज्या दिशी तुला घाई आसंल, त्या दिशी दुकान उघडू नगंस." त्याच वर्षी थंडीत ते गेले. मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत त्यांचं आधारकार्ड दाखवताना मला ते रेशनचं यंत्र आठवलं आणि तिथे चार माणसांत हुंदका आला.

गेल्या महिन्यात शेवंताबाई दुकानात आल्या. तीच नवी माळ घेऊन. मुलगी सांगलीला नोकरीला लागली होती, तिच्या लग्नाची तयारी चालली होती. सोन्याचा भाव मधल्या काळात कुठच्या कुठे गेला होता. अप्पांनी सोसलेल्या खर्चाच्या आणि मी 'वाचवलेल्या' पैशांच्या गोष्टी आता पोरखेळ वाटाव्यात इतका. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हणालो, "फायदा झाला तुमचा, मावशी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "फायदा झाला."

चेक लिहिता लिहिता माझा हात थांबला. "मावशी, ती जुनी माळ अप्पांनी नव्हती वितळवली. मी वितळवली."

"ठावं हाय मला."

मी पेन खाली ठेवलं.

"आरं, अप्पा आन् गडबड? शेंबडं पोरबी इस्वास ठेवायचं न्हाई. आन् तुज्या तोंडाकडं बगितलं की म्या."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"त्यांनी येवडं पांघरून घातल्यालं तुज्यावर. म्या कशापायी वढू?" त्यांनी चेक पिशवीत घातला. मी माळ उचलून फडताळाकडे वळलो तर त्या म्हणाल्या, "हिला कशाला मुक्काम? हिला कुनी चावलंय व्हय? आत्ताच टाक भट्टीत."

मी ऐकलं नाही. माळ सिद्धनाथाच्या फोटोखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दहालाच दुकान उघडून दाराकडे तोंड करून बसलो. मेढ्याच्या तीन गाड्या आल्या असतील. बारा वाजले, मी साडेबारापर्यंत थांबलो. मग किल्ली लावली, माळ काढली आणि मुशीत टाकायच्या आधी एकेक मणी बोटांतून फिरवून बघितला. सगळे गोल होते.