भावोजींचा कोड

आमचा दादा कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो. दूध नासलंय का हे ठरवायला घरातल्या दोघांना तरी हुंगायला लावतो. अशा संशयी माणसाला ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल सिस्टिमचा कोड तपासायचं काम मिळालं, म्हणजे वरूनच जोडी जुळून आली होती. कुणीही बदल पाठवला की दादा त्याची सालं काढतो. ऑफिसातली पोरं त्याला मागून 'सासूबाई' म्हणतात.

सूट होती ती एकट्या भावोजींना. त्यांनीच दादाला हे काम शिकवलं, आणि पुढे ताईशी लग्न करून घरचेच झाले. त्यांचा बदल आला की दादा फोनवर एवढंच विचारायचा, की बाहेरून येणाऱ्या माहितीची लांबी तपासलीत ना? ते म्हणायचे, तपासलीय रे. झाली दादाची मंजुरीची सही.

परवा एका अनोळखी मुलीची मेल आली. फाइलच्या नावाची लांबी पेनड्राइव्हवरच लिहिलेली असते आणि आपला कोड ती मुकाट खरी मानतो. कुणी मुद्दाम मोठा आकडा लिहून ठेवला, तर नाव राखलेल्या जागेत मावत नाही, शेजारच्या मेमरीवर सांडतं, आणि नुसता पेनड्राइव्ह लावून परक्याला अख्ख्या मशीनचा ताबा घेता येतो. बदल भावोजींचा, सही दादाची.

दादाला वाटलं, नजरचूक असेल, माणूसच आहे. त्याने माझ्यासमोरच फोन स्पीकरवर लावला.

"चूक नाही रे," भावोजी शांतपणे म्हणाले. "तपासणी होती, मीच काढली. वेगाच्या चाचणीत आडवी येत होती."

"मग मला तपासलीय असं का सांगितलंत?"

"तू वाचणार नाहीस, हे माहीत होतं मला."

दादाचा चेहरा उतरला. भावोजी मात्र पुढच्या कामाचं बोलू लागले. दुरुस्ती पाठवताना दोष कोणत्या बदलामुळे आला ते लिहायची रीत आहे. तेवढी ओळ गाळ म्हणाले, माझी बढती तोंडावर आलीय. वर ताईचा विचार कर, हेही ऐकवलंच.

दादाने तपासणी परत घातली. दोन ओळींचं तर काम. ती गाळायची ओळही लिहिली. मी म्हटलं, ताईला आधी सांग तरी.

"काय सांगू? तुझ्या नवऱ्यावर तुझ्यापेक्षा माझा जास्त विश्वास होता म्हणून?"

आता तो भावोजींचे जुने बदल पहिल्यापासून वाचत बसलाय. बहुतेक सगळे चोख निघतायत. त्याचाच त्याला जास्त राग येतो.