पांढरं बी

“सगळी कापलीस, ताई? एक बोंडसुद्धा ठेवलं नाहीस?”

“तुला हवी होती तर लवकर उठायचं होतंस, फेर्मिना.”

आत्याच्या स्वयंपाकघरात जमिनीवर काटेरी बोंडांचा ढीग होता. फेर्मिना म्हणजे माझी आई दारात उभी होती, हातात रिकामी गोणी.

स्पेनमधल्या एस्त्रेमादुरातल्या आमच्या गावात मारियाचा काटा, ही औषधी काटेरी वनस्पती, म्हणजे कासिल्दा आत्याचंच काम. पानांवरच्या पांढऱ्या रेषा मारियामातेच्या दुधाच्या, असं म्हणून बाळंतिणीला पाला न्यायचे तिच्याकडून, यकृतासाठी बी न्यायचे. तीस वर्षं ती बोंडं गोणीत भरून काठीने झोडपत आलीय. तळहातांवर काट्यांचे व्रण आहेत. म्हातारा धनगर दामियान डॉक्टरच्या गोळ्या घ्यायचाच, पण रोज सकाळी आत्याच्या बियांची चमचाभर भुकटीही घ्यायचा. दर जूनमध्ये चीजचा एक गोल गड्डा घेऊन यायचा आणि वर्षभराची पुरचुंडी न्यायचा. तो यायचा त्या दिवशी आत्या केस धुवायची.

यंदा बेकरीत पाव आणायला गेलेला दामियान सगळ्यांसमोर सहज बोलून गेला, की फेर्मिनाची भुकटी बारीक असते, दातात येत नाही. आईने त्याला चिमूटभर चाखायला दिली होती, एवढंच. आत्या ते वाक्य तीन आठवडे चघळत होती. मला दोनदा विचारलं, तो हसत बोलला का. मी हो म्हटलं, ते चुकलं माझं.

आणि काल चॅपलमागचा सगळा उतार तिने साफ केला. बोंडातून पांढरा कापूस डोकावेपर्यंत विळा लावायचा नाही, हे गावाला तिनेच शिकवलेलं.

आईने वाकून एक बोंड फोडलं. बी काळं हवं होतं. पांढरं निघालं, ओलं, नखाने चिरडेल असं. तिने दुसरं फोडलं. तेही तसंच.

“एकही उपयोगाचं नाही, ताई.”

“ठाऊक आहे.”

“रात्रीच कळलं असेल तुला.”

आत्याचे केस ओले होते.

आईचा आवाज उतरला. म्हणाली, घरी गेल्या वर्षीची बरणी आहे, भरलेली. “तूच दे त्याला. तुझी म्हणून दे. मी कुणाला बोलणार नाही.”

तेवढ्यात अंगणात दामियानची काठी वाजली. चीज काखेत धरून तो आत आला, जमिनीवरचा ढीग पाहिला, मग दोघींकडे.

“यंदा लवकर कापलंत?” तो म्हणाला. “मग माझी पुरचुंडी कुणाकडून न्यायची, कासिल्दा?”

आत्याने आईकडे पाहिलं. ओले केस डोक्याच्या रुमालाखाली खोचले, दामियानला बाजूला व्हायला लावलं आणि अंगणातून बरणीसाठी आमच्या घराच्या रस्त्याला लागली.