बिबट्याच्या कातड्यात साखरबाई

साखरबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बोईसरच्या खानावळीत पहिल्या पाळीचे कामगार डबे न्यायला यायच्या आत परातभर कणीक मळून तयार लागायची. कणीक मळणं हाताचं काम आहे असं बघणाऱ्याला वाटतं. ते पाठीचं काम आहे. साखरबाई परातीसमोर गुडघे टेकून मुठींवर सगळं अंग टाकायची. खानावळीची मालकीण मंगलाताई म्हणायची, "बाई हाय का मशीन हाय? बिघडलीस तर मला मेकॅनिक नाय मिळायचा."

ही पाठ उसाच्या फडात घडलेली. बीडकडून ती आणि तिचा नवरा झुंबर ऊसतोडीला जायचे. पुढे झुंबरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोती उतरवायचं काम लागलं आणि दोघं कुंभवलीत भाड्याच्या खोलीत आली. आता झुंबर एका गोदामावर पहारा करतो.

फडावर असताना त्यांची पहिली मुलगी बिबट्याने नेली. ती तान्ही होती आणि तिला नाव नव्हतं.

तोडीला गेलेल्या माणसांत मूल फडावर जन्मलं तर बारसं लांबवतात. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी जायचं, देवापुढे पाळणा टांगायचा आणि आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं. तोवर मूल नुसती पोरगी किंवा पोरगा. झुंबरच्या बहिणीने, कौतिकाने, गावाहून निरोप धाडला होता की नाव मी ठरवलंय, पाळण्यात सांगीन. पाळण्याआधी आत्या नाव फोडत नाही.

त्या दिवशी साखरबाई बाभळीला झोळी बांधून ऊस तोडत पुढे गेली. परत आली तेव्हा झोळी फाटून लोंबत होती आणि खाली ओल्या मातीत पंजे उठले होते. ती उसात घुसली, ओरडत सुटली. पण हाक मारायला तोंडात काही नव्हतं. "अगं, ये गं, ये गं," एवढंच ती ओरडत होती. पलीकडच्या टोळीला वाटलं, बाईची गाय सुटली असेल. कुणी कोयता खाली ठेवला नाही.

झुंबर त्या दिवशी एकदाच बोलला. "कान कुठं व्हतं तुझं?" पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. कौतिकानेही नाव सांगितलं नाही. पाळणा हलला नव्हता, तर सांगणार कुठे? पुढे मुलगा, अक्षय, फडावरच झाला, तेव्हा साखरबाई कुणासाठी थांबली नाही. पाचटाच्या झोपडीत, कोपीत, बाराव्या दिवशी पाळणा बांधला, टोळीतल्याच एका बाईला आत्या केलं. अक्षय मोठा झाला, वापीला नोकरीला लागला.

पहिलीला हाक मारायची मात्र राहिली. पहाटे उठल्यावर दिवा लावायच्या आधी साखरबाई थोडा वेळ नुसती बसून राहायची. दाराबाहेर कुणीतरी येऊन थांबलंय आणि त्याला आत बोलवायला आपल्याकडे नाव नाही, असं तिला वाटायचं. मग ती दार उघडून कामावर जायची.

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून सिनेमावाले आले. थिएटरात लागतो तसला सिनेमा नव्हे. दुपारी टीव्हीवर लागतात, साप माणसं गिळतो, मगर अख्खी होडी फोडते, तसला. खानावळीतल्या टीव्हीवर कामगार जेवताना तेच बघायचे. मगर रबराची आहे हे लांबून कळायचं, तरी घास हातात तसाच राहायचा. मंगलाताई गल्ल्यावरून म्हणायची, "ह्या मगरीला एक कोळीण बास हाय. सुकवून विकेल."

या खेपेला बिबट्या होता. कसल्याशा इंजेक्शनने पिसाळलेला, गावातली माणसं खाणारा. बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एक आंब्या-चिकूची वाडी त्यांनी भाड्याने घेतली होती. वाडीचा मालक दिनानाथ पहिल्याच दिवशी वाटेत आडवा उभा राहिला. "आदी आमच्या वाघोबाला नारळ. मंग तुमचा वाघ आत सोडा." दिग्दर्शक मेहुल तरुण होता, घाईत होता. त्याने मुकाट्याने नारळ फोडला.

जेवण मंगलाताईच्या खानावळीतून जायचं. साखरबाई टेम्पोतून पातेली घेऊन जायची. दुसऱ्याच दिवशी बिबट्या मोडला. कातड्याच्या आत बबलू नावाचा नाचणारा पोरगा होता. तो दुपारच्या उन्हात आतल्या आत चक्कर येऊन पडला आणि शुद्धीवर आल्यावर सरळ स्टेशनला गेला. कातडं त्याच्या मापाचं, आखूड. युनिटमधल्या धट्ट्याकट्ट्या माणसांचा खांदाही त्यात जाईना.

मेहुल डोकं धरून बसला होता. समोर साखरबाई डाळीचं भरलेलं पातेलं टेम्पोतून एकटीने उतरवत होती. बुटकी, सुकी, पाठ ताठ.

"मौसी," तो म्हणाला, "अंदर जाओगी?"

"कशाच्या?"

त्याने हात केला. झाडाखाली बिबट्या आडवा पडला होता, पोटाला चेन लावलेला.

पातेलं खाली टेकवून ती झाडापर्यंत जाऊन आली. मग म्हणाली, "उद्या सांगते."

संध्याकाळी तिने झुंबरला सांगितलं. तो भाकरी मोडत होता. हात थांबला.

"त्याच्या पोटात जाणार व्हय तू?"

"कातडं हाय. कापसाचं न् फोमचं."

"पैशाला कमी पडलंय का घरात?"

"न्हाय."

"मंग?"

"बघायचंय मला," ती म्हणाली. "त्याला काय दिसलं ते."

झुंबरने ताट सरकवलं आणि ड्युटीवर निघून गेला. जा म्हणाला नाही, नको म्हणाला नाही.

कातडं जड होतं. घामाने भिजलं की आणखी जड व्हायचं. मुंडकं फायबरचं, आतून खरखरीत. डोळ्यांच्या जागी काचा होत्या, त्यांतून काही दिसायचं नाही. दिसायचं ते जबड्यातून, दातांच्या मधून. जबड्याची दोरी हनुवटीला बांधलेली. तोंड उघडलं की बिबट्याचं तोंड उघडायचं.

बबलू गुडघ्यांवर रांगायचा, त्यामुळे बिबट्या लहान मुलासारखा दिसायचा. साखरबाईने पहिल्या दिवशी तसंच करून पाहिलं. मग गुडघे उचलले. हात आणि पायांचे चवडे टेकून, कंबर खाली दाबून चालली. ऊस बुडापासून तोडताना दिवसभर कमरेत वाकून सरकावं लागतं. तेच काम, फक्त हात जमिनीवर. पहिल्या संध्याकाळी मांड्या थरथरत होत्या. दुसऱ्या संध्याकाळी थरथरल्या नाहीत. तळहाताखाली तिने गोणपाटाच्या घड्या मागून घेतल्या, बाकी काही मागितलं नाही.

"क्या चलती है मौसी," मेहुल कॅमेऱ्यामागून म्हणायचा. "असली लगता है."

मंगलाताई डबे घेऊन आली की लांबून ओरडायची, "ए बिबट्या, उद्याची कणीक कोण मळंल? तुजा बाप?"

साखरबाई जबडा उघडून मिटायची. सगळे हसायचे. आत तिला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. त्या फायबरच्या पोकळीत तो तिचा वाटायचा नाही. तिच्या कानाशी कुणी दुसरंच दम खात बसलंय असा यायचा. बाहेरचं बोलणं मात्र विहिरीच्या तळाशी ऐकू यावं तसं.

शेवटी झोळीचा प्रसंग आला. तो कथेत आहे हे तिला आधी माहीत नव्हतं. गवत कापणाऱ्या बाया लांब पाठ करून वाकलेल्या, आंब्याला झोळी, झोळीत मूल. बिबट्या येतो, मूल उचलून नेतो. आई धावते. ऊस नव्हता, वाढलेलं गवत होतं. कथेतली रात्रही नव्हती. भर दुपारी घ्यायचं आणि मशीनवर निळं करून रात्र दाखवायची, असं मेहुलने सांगितलं. झोळीत बाहुली होती. आईचं काम करणारी दिशा नावाची मुलगी खोटं मंगळसूत्र सारखं करत उभी होती.

मेहुल मोडक्या मराठीत म्हणाला, "मौसी, गवतातून या. झोळीच्या अलीकडे थांबा. एकदा बायांकडे बघा. मग उचला."

साखरबाई गवतातून आली. थांबली. जबड्यातून पाहिलं.

बायांच्या पाठी दिसत होत्या. लहान, एकसारख्या, वर-खाली होणाऱ्या. मधे नुसतं गवत. विळ्यांचा आवाज येत होता, म्हणजे तिकडे त्यांना फक्त तोच ऐकू येत असणार. झोळीला वाऱ्याने हलका झोका बसत होता. कुणी मागे वळून पाहत नव्हतं. वळायला काही कारणच नव्हतं.

ती पुढे झाली आणि बाहुली कापडासकट दातांत घेतली. हळू, मान न हिसकता.

"कट. मौसी, ऐसे नहीं. ये तो माँ उठाती है. जानवर है. झटका."

पुन्हा. पुन्हा हळूच. मेहुलने पाणी प्यायला लावलं, समजावलं. तिसऱ्या वेळी तिने झटका दिला. झोळी टरकन फाटली. ती वळून गवतात शिरली आणि मागून दिशा ओरडली, "कीर्ती! कीर्तीऽ!"

बिबट्या जागच्या जागी थांबला.

"कट. रुकना नहीं है, मौसी. अच्छा जा रहा था."

कुणीतरी मुंडकं काढलं. साखरबाईचे केस कपाळाला चिकटले होते. ती मेहुलकडे न बघता दिशाकडे गेली, मागच्या पायांवर, शेपूट गवतातून ओढत.

"त्या बाहुलीचं नाव कुणी ठेवलं?"

दिशा गोंधळली. "कुणी नाही. लिहिलेलं नव्हतं, मावशी. नुसतं 'बाळ' होतं. मीच ठेवलं आज सकाळी."

"का?"

"नाव नसेल तर हाक काय मारणार?"

साखरबाईने मुंडकं परत घालून घेतलं. त्यानंतरचा टेक पहिल्या फटक्यात झाला. झटका, वळण, गवत. मागून हाका येत राहिल्या आणि ती थांबली नाही. आंब्यांच्या पलीकडे, जिथे कॅमेरा पोचत नव्हता, तिथपर्यंत ती तशीच चार पायांवर गेली. लोक शोधायला आले तेव्हा ती बाहुली पोटाशी धरून बसली होती. मुंडकं चढवलेलंच होतं. काढू का, असं विचारलं तर तिने ते नकारार्थी हलवलं. मग जरा वेळाने स्वतःच काढलं.

मजुरी मिळाली, ती तिने घरखर्चात घातली नाही. डब्यात वेगळी ठेवली.

उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी सिनेमा लागला. खानावळीत गर्दी झाली. मंगलाताईने टीव्हीचा आवाज मोठा केला. "आमची बाई हाय आत, गप बसा." बिबट्याच्या डोळ्यांत हिरवे दिवे घातले होते, गुरगुरणं कुठून तरी आणून चिकटवलं होतं. कामगार हसत होते. झुंबर दाराशी उभा होता. तो आत आला नव्हता, पण गेलाही नव्हता.

झोळीचा प्रसंग आला. सगळं निळं. कॅमेरा बिबट्याच्या मागे ठेवलेला, त्यामुळे आधी त्याची पाठ, मग झोळी, आणि मग लांब, फार लांब, बायांच्या पाठी. बिबट्या थांबतो. बघतो. पळत नाही. चालत जातो.

हसणं बंद झालं. दिशाची हाक आली तेव्हा एकजण म्हणाला, "अब क्या फायदा."

झुंबर साखरबाईजवळ येऊन उभा राहिला. हळू म्हणाला, "एवढ्या लांब व्हत्या का बाया?"

"हां."

"आवाज?"

"न्हाय जात. आत बसून ऐकलाय मी. कोयत्याचा तेवढा येतो."

तो पडद्याकडे बघत राहिला. तिथे आता साबणाची जाहिरात लागली होती.

"कान कुठं व्हतं, असं मी तुला म्हणालो व्हतो," तो म्हणाला.

"म्हणाला व्हता."

"म्हणायला नको व्हतं." मग त्याने खिशातून फोन काढला आणि बाहेर गेला. साखरबाईला वाटलं, ड्युटीचा असेल. पण तो मोठ्याने बोलत होता, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलतात तसा. "आक्का, मी झुंबर. झुंबर. पाळणा हाय. आत्या पायजे. हां, तिचाच. ते नाव घिऊन ये."

कौतिका आली. थकलेली, काठी टेकत, दोन्ही कानांनी जड. कुंभवलीच्या खोलीत पाळणा टांगला. चाळीतल्या काही बाया आल्या, काही दारातूनच परतल्या. एकजण जाताना म्हणाली, "रिकामा पाळणा हलवू नये, बाई." मंगलाताई आत येऊन पाळण्याची दोरी धरून उभी राहिली. "रिकामा कुठं हाय? वरवंटा हाय ना."

बारशाला आधी वरवंटा कुंची घालून पाळण्यात ठेवतात, बाया तो पाळण्याखालून एकमेकींच्या हाती देतात, मग मूल निजवतात. इथे वरवंट्यानंतर निजवायला कुणी नव्हतं. म्हणून तोच पाळण्यात राहिला.

कौतिका वाकली. त्या दगडाच्या कानाशी तोंड नेलं. बायांनी तिच्या पाठीवर हलके बुक्के मारत कुर्र केलं. पण तिला कमी ऐकू येत असल्यामुळे ती कानात सांगायचं ते मोठ्यानेच बोलली. सगळ्या खोलीला ऐकू आलं.

"सोजर."

हे नाव तेव्हाचंच होतं की येताना एसटीत सुचलं, हे साखरबाईने विचारलं नाही. ती दाराकडे वळली. भर दुपार होती. उंबऱ्याबाहेर ऊन आणि चपला, बाकी काही नव्हतं. तरी तिने बाहेर बघून हाक मारली, आधी दबक्या आवाजात, मग चांगली मोकळ्या आवाजात, फडाच्या पलीकडच्या टोळीलाही कळेल अशी, की ही हाक गाईला नाही. झुंबर दारात होता. आत कुणी येत असावं तसा तो बाजूला सरला.

बिबट्याच्या कातड्यात मिळवलेल्या मजुरीतून कौतिकाचं जाण्यायेण्याचं भाडं निघालं, आत्याच्या मानाचं हिरवं लुगडं आलं, पाळणा आणि कुंची आली, आणि उरलेल्यातून आलेल्या बायांना ओंजळ ओंजळ घुगऱ्या पुरल्या.